भावाकडून बहिणीला चाळीस टक्के

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा वार्ताहर, दस्ताला हात घालण्यापूर्वी एका अन्यायाची नोंद करू इच्छितो. माझ्या वकिलांच्या कार्यालयात पक्षकारासाठी जी फिरती खुर्ची आहे, ती बसणाऱ्याला घेऊन सावकाश खाली जाते. 'स्थावर' म्हणेपर्यंत मी टेबलाच्या वर होतो. 'जंगम' म्हणेपर्यंत हनुवटी टेबलाला टेकली. वकिलांना हे सांगितले, तर म्हणाले, "चालायचंच. मिळकत वाटायला आलेला माणूस थोडा खाली आलेला बरा." या खुर्चीविरुद्धचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवत आहे.

आता विधिवत. माझे मन ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही. त्यातली एक झडप नीट मिटत नाही, ती येत्या गुरुवारी बदलायची आहे. शंभरातले सत्त्याण्णव उठून घरी जातात म्हणे. उरलेल्या तिघांत माझा नंबर लागला तर काय, एवढ्यापुरता हा खटाटोप. मला कोणी धाक घातलेला नाही, भरीस पाडलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वारसा कराबद्दल वीस वर्षे लिहीत राहिलो आणि स्वतःच्या वारशाचे लिहायचे राहून गेले.

कलम १. माझा राहता फ्लॅट, तिसरा मजला, दोन खोल्या व स्वयंपाकघर, गळक्या नळासह, माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावा. मात्र कलम ४ मधील अट पुरी झाल्यावरच. त्याची आई नऊ वर्षांपूर्वी वारली, तेव्हा दुसरा हक्कदार नाही. फ्लॅटवरचा वारसा कर त्याने स्वतः भरावा. हा कर साफ रद्द व्हावा असे त्याचे मत आहे. गेल्या रविवारी फोनवर म्हणाला,

"पप्पा, कमावताना कर, खर्च करताना कर, आता मरायलाही कर?"

"मरायला नाही रे. मेलेला काहीच भरत नाही. ज्याने काही केलं नाही आणि ज्याला मिळालं, तो भरतो."

"म्हणजे मी."

"उदाहरणार्थ."

तो हसला. चांगला मुलगा आहे. पण वडील निवडण्यात त्याने काडीचेही कष्ट घेतलेले नाहीत, आणि त्याबद्दल फ्लॅट मिळणे हे बक्षीस जरा मोठेच आहे. हे माझे मत होते आणि आहे. माझे वकील मधल्या मताचे: कर रद्द नको, वाढ नको, सुधारणा हवी. कायद्यात एक सुधारणा झाली की त्यांच्याकडे शंभर पक्षकार वाढतात.

कलम २. माझे व्याकरणाचे ग्रंथ, तीन कपाटे, मी जिथे शिकलो त्या पाठशाळेला द्यावेत. समासात पेन्सिलीने गुरुजींची चित्रे आहेत. ती खोडू नयेत, साम्य चांगले आहे.

कलम ३. आमच्या वर्तमानपत्राच्या उपसंपादकांना माझी कात्री द्यावी. बावीस वर्षे त्यांनी माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला. आता त्यांच्याकडे दोन कात्र्या होतील.

कलम ४. माझी बँकेतील सर्व शिल्लक, विम्याची रक्कम आणि कार्यालयाकडून येणारा फंड माझ्या मुलास मिळू नये. या सर्व रकमेतून माझ्या थोरल्या बहिणीस आमच्या जुन्या घरावर द्यावा लागणारा वारसा कर भरावा. रक्कम अपुरी पडल्यास कलम १ मधील फ्लॅट विकावा, कर पुरा करावा आणि उरेल ते मुलाला द्यावे. ही अट मुलाला फोनवर सांगितली आहे. तो म्हणाला, "आत्याचंच आहे ते घर. माझं काय जातंय? म्हणजे जातंय, पण जाऊ दे." यापुढे त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ही अट का घालावी लागली, ते लिहिणे कायद्याने आवश्यक नाही. पण लिहितो.

आमचे वडिलोपार्जित म्हणावे असे एकच घर. दुमजली. खाली चष्म्यांचे दुकान, वर तीन खोल्या, मध्ये अकरा पायऱ्यांचा जिना. बाबा काचा घासत. ताई एकोणिसाव्या वर्षापासून गल्ल्यावर उभी राहिली, आज ती एकसष्ट वर्षांची आहे. मी जिन्यावर बसून यंत्राच्या घरघरीत धातुरूपे घोकत असे आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून ओरडत असे. मग मी लिहिता झालो आणि घर सोडून गेलो. ताईने लग्न केले नाही, दुकान केले. आई गेल्यावर बाबांचे खाणेपिणे, पथ्य, आंघोळ, सगळे तिनेच केले. ती मला 'पंडित' म्हणते. त्यात थोडी थट्टा आणि पुष्कळ विश्वास असतो.

आठ वर्षांपूर्वी मी एक युक्ती काढली. वारसा मरणानंतर आला तर कर लागतो. पण मालकाने जिवंतपणी बक्षीसपत्र करून दिले आणि त्यानंतर तीन वर्षे तो जगला, तर लागत नाही. ही पळवाट बंद करा म्हणून मी तोवर चार लेख लिहिले होते, तेव्हा ती मला तोंडपाठ होती. बाबांनी घर माझ्या एकट्याच्या नावे करून दिले. दोन नावे घातली तर दोनदा मूल्यांकन, दोनदा हेलपाटे, असे मी सांगितले. "नाव नुसतं कागदावर. घर आपलंच."

ताईचे संमतीपत्र लागत होते. ती एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून पाहत होती. म्हणाली, "पंडित, वाचू का नुसती सही करू?"

"वाचून काय करणार आहेस? मी वाचलंय ना."

तिने काउंटरच्या काचेवर कागद ठेवून सही केली आणि गिऱ्हाइकाला विचारले, कानामागे टोचतंय का.

बाबा तिसऱ्या वर्षी खूप थकले. शेवटच्या महिन्यात औषध नको म्हणायचे, तोंड फिरवायचे. ताई रडकुंडीला यायची. मी रोज संध्याकाळी जायचो, त्यांच्या कानाशी वाकायचो आणि म्हणायचो, "अजून वीस दिवस, बाबा." मग पंधरा. मग सहा. ते माझ्याकडे पाहायचे आणि चमचा तोंडात घ्यायचे. तीन वर्षे पुरी झाली त्या सकाळी त्यांनी विचारले, "झाली का रे तीन?" मी हो म्हणालो. "मग आता मला त्रास देऊ नका," म्हणाले. त्यानंतर अकरा दिवस जगले.

ताईला दाराबाहेरून फक्त 'अजून इतके दिवस' एवढेच ऐकू येई. आजही दुकानात कोणी बाबांचा विषय काढला की ती सांगते, "माझ्या भावाने बोलून बोलून त्यांना महिनाभर जगवलं हो. माझ्या हातून ते झालं नसतं." मी तिथे असलो तर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभा राहतो. शेवटची ओळ मला आता दिसत नाही.

गेल्या आठवड्यात सोमवारी वकिलांनी जुना दस्त चाळला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुमची बहीण तिथेच राहायची ना? वडिलांचं तीच करायची?"

"जन्मापासून."

"मग हा उपद्व्याप केलात कशाला? बक्षीसपत्र केलं नसतंत, तर घर तिला एक पैसा कर न लागता मिळालं असतं. सोबत राहून सांभाळ करणाऱ्या अपत्याला पूर्ण सूट आहे. त्या सुटीवर तुम्हीच कधीतरी लिहिलं होतंत की!"

मी म्हणालो, विसरलो होतो.

ते पुढे म्हणाले, आणि हे मला शिकवायची गरज नव्हती, की बहिणीला भावाकडून काही मिळाले तर सूट नाही. दर चाळीस टक्के. गेल्या वर्षीपर्यंत पंचवीस होता. माझी सहा लेखांची माला आली, सभागृहात तिचा उल्लेख झाला, दर वाढला. तो अंक मी ताईला नेऊन दाखवला होता. "वा! म्हणजे काय होणार?" तिने विचारले. "मोठमोठ्या इस्टेटी फुटतील." "बरं होईल," म्हणाली, आणि तिने तो अंक चौकटीत घालून दुकानात लावला. तो अजून तिथेच आहे, वाचण्याच्या चष्म्यांच्या वर.

तर काल मी ते घर बक्षीसपत्राने ताईच्या नावे केले. नोंदणी झाली. पण मी आणखी तीन वर्षे जगलो तरच ते करमुक्त. गुरुवारी गेलो, तर जे घर तिला फुकट मिळायला हवे होते, त्याच्या किमतीच्या चाळीस टक्के रक्कम तिने सरकारला द्यायची. तेवढी तिच्याकडे नाही, म्हणजे घर विकायचे, आणि त्यासोबत दुकानही. म्हणून कलम ४.

काल नोंदणीच्या वेळी ताई म्हणाली, "एवढं कशाला रे पंडित? तुझं काय, माझं काय." मी म्हणालो, "वाचून घे." ती म्हणाली, "तू वाचलंयस ना?" आणि सही केली.

कलम ५. माझे मत. असे कलम मृत्युपत्रात नसते असे वकील म्हणतात. फी मी देत आहे. कर रद्द करू नये. ज्यांनी काही केले नाही त्यांच्यावर तो वाढवावा, मी त्यांच्यातच मोडतो. मात्र सोबत राहून सांभाळणाऱ्याच्या सुटीविरुद्ध मी जे लिहिले, ते चुकीचे होते आणि ते मी मागे घेत आहे. हे छापायचे झाल्यास उपसंपादकांनी निदान हा परिच्छेद कापू नये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. बाबांचे काच घासायचे यंत्र, नंबरांच्या काचांची पेटी व दुकानातील सर्व वस्तू माझ्या नाहीत, कधीच नव्हत्या. त्या वाटून देण्याचा आव मी आणत नाही.

येथवरचा मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि तो मान्य असल्याचे पाहायला खालील दोघे हजर होते.

सही करणार: (सही)

साक्षीदार १: समोरच्या दुकानातील चावीवाले (सही)
साक्षीदार २: वकिलांचे टंकलेखक (सही)

ठिकाण: वकिलांचे कार्यालय, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, मंगळवार, दुपारी साडेतीन

हाताने लिहिलेली पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर:

वर मी 'विसरलो होतो' असे लिहिले आहे. ताई माझे सगळे लेख कापून चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवते. त्या सुटीवरचा माझा लेख मी काल तिच्याकडून एका कामासाठी म्हणून मागून आणला. मथळा असा: 'सेवेच्या मोबदल्यात घर?' तारीख पाहिली. बाबांच्या बक्षीसपत्राच्या आधी पाच महिने. पाच महिन्यांत माणूस स्वतःचा लेख विसरत नाही, निदान मी नाही. ताई घरात होती, दुकानात होती, बाबांच्या उशाशी होती, आणि तिचा काही हक्क असू शकतो हे माझ्या डोक्यातही आले नाही. किंवा आले आणि मी ते बाजूला ठेवले. दोन्हींतले कोणते, हे मला खरेच सांगता येत नाही.

मी गेलो तर हे सगळे तिला वाचून दाखवले जाईल, आणि मला तिच्यासमोर बसावे लागणार नाही. गुरुवारची मला भीती नाही. शुक्रवारची आहे. मी शुद्धीवर येईन, ताई शेजारी स्टुलावर बसलेली असेल, चमच्याने पाणी पाजत असेल, आणि मी तिला काहीही सांगणार नाही.

(सही)
(साक्षीदारांच्या सह्या)