साहेबांसाठी कोरडी वाट

४ एप्रिल, सकाळ
डावा पाय उपसला, बूट आतच राहिला. कोपरापर्यंत हात घालून शोधला. निघाला तो दुसऱ्याच कुणाचा. तरीही पाहणी यशस्वी. नदीकाठच्या दलदलीत उभी असलेली झाडं रातबगळ्यांच्या घरट्यांनी भरली आहेत. पिल्लं आहेत. नगरपालिका तिथे भराव टाकून पार्किंग करणार म्हणते. मी असेपर्यंत नाही.

दुपारी मंडळ स्थापन. अध्यक्ष मी. मेहुणा सभासद. हिला खजिनदार केलं. ही म्हणाली, आधी खजिना दाखवा.

६ एप्रिल
पालिकेच्या साहेबांना भेटलो. म्हणाले, पंधरा तारखेला जागा बघून काय ते ठरवतो. काम फत्ते. पिल्लं पाहून कुणालाही पाझर फुटेल. अडचण एकच. साहेबांचे बूट पांढरे आहेत.

७ एप्रिल
साहेब चिखलात उतरणार नाहीत, तेव्हा चिखलानेच मागे सरायला हवं. नदीच्या बाजूला चर खणला की पाणी उतरेल. तात्पुरतं. नंतर बुजवू.

मेहुणा फावडं घेऊन आला आणि विचारू लागला, भाऊजी, दलदल वाचवायची म्हणजे वाळवायची का? त्याला दूरदृष्टी नाही. हिच्या माहेरी कुणालाच नाही.

९ एप्रिल
पाणी घोट्याखाली. उत्तम. वास येतो, पण नैसर्गिक. झाडाखाली एक मांजर वर बघत बसलं होतं. पक्षिनिरीक्षणाची आवड पसरते आहे.

११ एप्रिल
आज मांजरं तीन. एक फांदीवर.
ही म्हणाली, पाणी होतं म्हणून ती झाडापर्यंत पोचत नव्हती, तो चर आजच्या आज बुजवा. म्हटलं, साहेब येऊन जाऊ देत. म्हणाली, मग त्यांना दाखवणार काय, मांजरं?
खजिनदाराने अध्यक्षांशी असं बोलू नये, असा ठराव मांडला. दोन विरुद्ध एक मताने फेटाळला गेला.

१३ एप्रिल
घरटी शांत. पिल्लं उडाली असावीत. पंख पुरते फुटले नव्हते, पण संरक्षण मिळालं की वाढ झपाट्याने होते. मोठे पक्षीही दिसले नाहीत. पिल्लांना पोचवायला गेले असतील. खाली पिसं फार.

ही आणि मेहुणा चर बुजवत होते. नदी खाली गेली आहे, पाणी परत येत नाही. ही फावडं माझ्या पायाशी टाकून घरी गेली. थकली असेल.

१५ एप्रिल
साहेब आले. गाडी थेट झाडांपर्यंत आणली. उतरले, वर पाहिलं. विचारलं, पक्षी कुठे आहेत? म्हटलं, आत्ता बाहेर गेलेत. मग त्यांनी टाचेने जमीन ठोकून पाहिली. म्हणाले, इथे भराव लागेल असं उगाच सांगत होते लोक. माझा हात हातात घेऊन आभार मानले. मी खिशातून भाषण काढेपर्यंत गाडी वळली होती.

उद्या सकाळी तिथेच ठिय्या देणार. एकट्याने. हलणार नाही.

१६ एप्रिल, सकाळ
गेलो. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारणं चालू होतं. रेघा मारणाऱ्याने विचारलं, काका, गाडी आणलीत का? म्हटलं, नाही. म्हणाला, मग मधे उभे राहू नका, चुना ओला आहे. कडेकडेने घरी आलो.