राशिदसाहेबांचा अजगर

खलिफा सिटी, अबू धाबी
८ मार्च २००२

तीर्थरूप आबा,

इथूनच वाकून नमस्कार करतो. मी मजेत आहे. व्हिलाची बाग छान फुलली आहे.

आमचे मालक राशिदसाहेब यांनी अजगर पाळलाय. परवा त्याच्या पेटीत जिवंत उंदीर सोडून ते फोनवर बोलत बसले. अजगराला भूक नव्हती, तर उंदीरच त्याची पाठ कुरतडू लागला! मी हात घालून उंदीर बाहेर काढला. एवढा मोठा माणूस, पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "जिंदा चूहा खलास! मरा हुआ दो, लंबे चिमटे से." आता ते काम माझ्याकडे आहे.

तेव्हा आपल्या कणगीमागची धामण आठवली. गडी काठ्या घेऊन धावले, तर तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. "ती आहे म्हणून भात आहे," म्हणालात. तो आवाज अजून कानांत आहे. ती येते का हो अजून? तुमचा खोकला कसा आहे?

अक्षर वाकडं आलंय, कारण उंदीर बोटाला चावला. इंजेक्शन घेतलंय, सूज उतरतेय. आईला मात्र चालत्या गाडीत बसून लिहिलंय म्हणून सांगा.

तुमचा,
नागेश