नावापुढं ‘आपली’

स्टोकली,
संत ल्यूकचा सण, १२३१

ती. ताईस,
हॅमोचा सा. न. वि. वि.

तुमच्या मठात बातम्या उशिरा पोचतात, म्हणून मीच सांगतो. ऑक्सफर्ड सोडलं. गुरुजी म्हणाले, तुझं ध्यान पुस्तकात नाही. मी म्हटलं, पुस्तकात ध्यान द्यावं असं आहे तरी काय? सगळा वर्ग हसला, ते सोडून. दुसऱ्या दिवशी मी पेटी बांधली. ड्रोगोकाका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले, त्यापेक्षा आधीचे चार बरे होते.

खरं कारण तुला ठाऊक आहे. इडोनिया. मी दहा वर्षांचा असताना फुल्कसाहेबांनी नातलग म्हणून मला कॉर्व्हिलच्या गढीवर ठेवून घेतलं, तेव्हापासून त्यांची ही लेक जेवताना माझ्यासमोर बसायची आणि माझ्या पुढ्यातल्या वाम माशाकडे बघून नाक मुरडायची. परवा मी सरळ तिला मागणी घातली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरा, रक्त आडवं आलं नसतं तर आनंदानं दिली असती. चार पिढ्यांच्या आतलं नातं असलं की चर्च लग्न लावत नाही, आणि गोस्लें द कॉर्व्हिल तिचाही खापरपणजोबा, माझाही.

इडोनियानं ते बोटांवर मोजलं. चौथी पिढी करंगळीवर आली. म्हणाली, एवढीशी करंगळी, हिला घाबरून पळणारा नवरा मला नकोच.

ताई, कॉर्व्हिल घराण्याची यादी तुमच्या मठात, तुझ्या ताब्यात आहे. मधली एखादी पिढी राहून गेली असेल. पाचवं बोट निघालं तर आम्ही सुटलो. नीट मोज.

लोभ आहेच, या खेपेला तो जरा घाईनं करावा.

तुझा,
हॅमो


अ‍ॅशमेअर मठ,
संत मार्टिनच्या सणाआधी दोन दिवस

चि. हॅमोस,
अविसताईचे अ. उ. आ.

ज्याला सात मेंढ्या मोजताना दर वेळी आठ व्हायच्या, त्यानं मला मोजायला शिकवू नये. यादी तीनदा पाहिली. गोस्लें. त्याचा धाकटा मुलगा रॅल्फ, म्हणजे आपले पणजोबा. मग आजोबा, मग बाबा, मग तू. चारच.

तू यादी कधी पाहिली नाहीस म्हणून सांगते. तिच्यात कुणाचं मोठेपण लिहिलेलं नाही. नाव, मृत्यूचा दिवस आणि पुढं एक शब्द, ‘आपला’ किंवा ‘आपली’. त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत ते नाव मी मोठ्यानं वाचते, आणि पुढचा शब्द सगळ्या जणी माझ्यामागून म्हणतात. ज्याच्या नावापुढं तो शब्द नाही, त्याच्यासाठी इथं कुणी तोंड उघडत नाही. गेल्या आठवड्यात आईचा दिवस होता. ‘मॅबेल, आपली.’ तेवीस जणी आहोत आम्ही. आईच्या हयातीत तिच्या भोवती एवढी माणसं कधी जमली नसतील.

यंदा सफरचंदं उदंड झाली. आमच्या मठप्रमुख मोठ्या आईंचा खोकला तसाच. इडोनियाला विसर असं लिहिणार होते, पण तू ते पान फाडशील. म्हणून एवढंच म्हणते की जेवत जा.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा नीट ठेव.

तुझी,
अविसताई


स्टोकली,
संत अँड्र्यूच्या सणाला

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमटी एकदा नुसती हुंगून मीठ सांगणारी तू. तुला चार नावं मोजायला तीन खेपा का लागल्या? आणि रॅल्फच्या नावाशी तुझं अक्षर का हललंय? मी वेडा झालो असेन, आंधळा झालेलो नाही.

इकडे नदीपलीकडच्या वॉरिनसाहेबांनी इडोनियाला मागणी घातली आहे. दोन बायका पुरून झाल्या, दात मोजके उरले. लग्न ईस्टरनंतर. ती मला म्हणाली की म्हातारा बरा आहे, त्याला ऐकू कमी येतं, म्हणजे मला दिवसभर तुझ्याशी मोठ्यानं भांडता येईल, तू नसलास तरी. आणि मग रडली. ताई, ती रडलेली मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

तुला काही ठाऊक असेल आणि तू गप्प बसशील, तर मी तुझा कुणी नाही.

लोभ असेल तर बोल.

हॅमो


अ‍ॅशमेअर मठ,
ख्रिसमसच्या आधीचा शुक्रवार

चि. हॅमोस,
अ. उ. आ.

बोलते.

तेरा वर्षांपूर्वी मठाला आग लागली आणि जुनी यादी जळाली, हे तू ऐकलं आहेस. मी सोळा वर्षांची, इथं नवीन. अक्षर बरं म्हणून आठवून आठवून नवी यादी लिहायचं काम माझ्याकडं आलं. आई आधीच गेली होती, बाबा त्याच उन्हाळ्यात गेले. ड्रोगोकाका भेटीच्या जाळीपलीकडं येऊन बसले. म्हणाले, एक ओळ घाल, पोरी. रॅल्फ गोस्लेंसाहेबांची खोगिरं शिवायचा, जन्मभर त्यांच्या घोड्यामागं चालला. त्याला मुलगा म्हटलं तर गोस्लें काही थडग्यातून उठून तक्रार करणार नाही. फुल्क तर लहानपणीच पोरका झालेला, यादी म्हणेल तेच त्याला खरं. तुझ्या धाकट्या भावाला गढीवर पानावर बसायला मिळेल. आईबापांची नावं वाचली जातील.

मी लिहिली. ‘रॅल्फ, गोस्लेंचा मुलगा, आपला.’

हॅमो, आपण त्यांचे कुणीही नाही. ज्या ओळीनं तुला तिच्यासमोर जेवायला बसवलं, तीच ओळ आता तुमच्यामध्ये उभी आहे. मी मोठ्या आईंना खरं सांगू शकते, चाकूनं ती ओळ खरवडू शकते. पण रॅल्फ गेला की त्याच्याखालचे सगळे जातात. बाबाही. आईही.

तू सांगशील तसं करीन. शिक्षा होईल ती माझी, तिची काळजी करू नकोस.

लोभ आता तू ठरवायचा.

अविसताई


स्टोकली,
तीन राजांचा सण, १२३२

ताई,

नमस्कारसुद्धा घाईत समज. खरवड! आजच!

खोगीर शिवणाऱ्याचा पणतू! एवढे गोड शब्द मी ऑक्सफर्डात एकदाही ऐकले नाहीत. इडोनियाला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. म्हणते, तरीच घोड्यावर बसलास की खोगीर चांगलं दिसतं आणि माणूस वाईट. फुल्कसाहेबांनी शब्द दिलाय, रक्त नसतं तर दिली असती. आता नाही रक्त!

आईबाबांसाठी मी स्वतः रोज प्रार्थना करीन. ती दोघं समजून घेतील. मला सुखात बघून त्यांना राग कसा येईल?

सगळा लोभ तुझ्यावर.

कुणाचाही नसलेला,
हॅमो


स्टोकली,
जानेवारीचा शेवट

चि. अविसेस,
काका ड्रोगोचे आ. वि. वि.

मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. हे पत्र पाद्रीबुवा लिहीत आहेत आणि त्यांचे कान मोठे आहेत, तेव्हा आडून बोलतो. तेरा वर्षांपूर्वी आपण दोघांनी जे रोपटं लावलं, ते उपटू नकोस. त्याच्या सावलीत हा गाढव वाढला. पाद्रीबुवा विचारतात कसलं रोपटं. सफरचंदाचं, बुवा, लिहा पुढं.

पोरी, तुझ्या भावाला वाटतं की भिंत पडली की पलीकडं जाता येतं. त्या भिंतीला टेकूनच तो उभा आहे, हे त्याला कोण सांगणार? फुल्क काय म्हणाला ते मीही ऐकलंय. देणं अशक्य आहे हे ठाऊक असलं की माणूस असाच मोठ्या मनानं बोलतो.

मी आता थकलोय. माझं नाव कोण वाचणार, एवढंच विचारतो. बुवा म्हणतात ते वाचतील. बुवांचा खोकला ऐकलास तर तुलाही धीर येणार नाही.

लोभ असू दे, आणि चाकू म्यानात.

ड्रोगोकाका


स्टोकली,
मेणबत्त्यांच्या सणानंतर दहा दिवसांनी, फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठ्या आईंचं पत्र गढीवर पोचलं. ओळ खरवडली, तुला शिक्षा म्हणून वर्षभर पाव आणि पाण्याचे शुक्रवार लागले, सगळं कळलं.

फुल्कसाहेबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. आधी हसले. मी शब्दाची आठवण दिली, तेव्हा म्हणाले की मी रक्ताचं बोललो होतो, खोगिराचं नाही. नातलग असतास तर देता आली नसती, नातलग नाहीस म्हणून देणार नाही. आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर मी काहीतरी केलं असतं. त्यांनी नुसतं नोकराला सांगून टेबलावरची माझी जेवायची सुरी उचलायला लावली.

इडोनिया जिन्यावर उभी होती. तिनं करंगळी वर केली आणि मिटली. मग दासीकडून निरोप आला: आता आपण भाऊबहीण नाही, एवढं तरी पदरात पडलं, बाकीचं वर गेल्यावर भांडू.

काका माझ्या पुढ्यात वाढतात आणि उठून जातात.

बाबांचा दिवस उन्हाळ्यात येतो ना? त्या सकाळी तू काय वाचशील?

लोभ मागायला तोंड नाही.

हॅमो


अ‍ॅशमेअर मठ,
संत पीटरचा सण, जून

चि. हॅमोस,
अ. उ. आ.

चार महिने तुझं अक्षर नाही. इडोनियाचं लग्न झाल्याचं कळलं. काका वारल्याचंही कळलं. तू जवळ होतास, हे बरं झालं.

बाबांच्या दिवशी मी पान उलटलं आणि त्याच दिवशी वारलेल्या पुढच्या माणसाचं नाव वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर मधमाश्यांच्या पेट्यांपाशी गेले आणि तिथं बाबांचं नाव घेतलं. माश्या आपलं काम करत राहिल्या.

रागावले नाही. लिही.

लोभ होता तसाच.

अविसताई


स्टोकली,
लेंटच्या उपासांचा दुसरा आठवडा, १२३३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इडोनिया गेली. बाळंतपणात, तीन दिवस झगडून. मूलही गेलं. मला पाचव्या दिवशी कळलं, लोकर नेणाऱ्या माणसाकडून. त्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं, नदीपलीकडची धाकटी बाई एवढंच म्हणाला.

मी वॉरिनसाहेबांच्या देवळात गेलो. मागं उभा राहिलो. त्यांचा पाद्री एका दमात म्हणतो, साहेबांच्या तिन्ही पत्नींसाठी. बस. नाव नाही. मग गढीवर गेलो. आत घेतलं नाही, दारातच सांगितलं की दिलेली लेक नवऱ्याकडच्या यादीत जाते, हा रिवाज आहे. ताई, दोन्हीकडं कुणी तिचं नाव घेत नाही.

ती माझी नातलग नाही, हे सिद्ध करण्यासाठी मी बाबांना खरवडायला लावलं, आईला खरवडायला लावलं. आता तुझ्या पाया पडून मागतो. तिला यादीत घे. पत्नी लिहू नकोस, ते खोटं होईल, आणि त्या ओळीत खोटं पुष्कळ झालं. गोस्लेंची खापरपणती लिहू नकोस, त्यांना ती नको आहे. नुसतं नाव लिही, आणि पुढं तो एक शब्द.

मला लोभ नको. तिला दे.

हॅमो


अ‍ॅशमेअर मठ,
ईस्टरच्या आधीचा मंगळवार

चि. हॅमोस,
अविसताईचे अ. उ. आ.

रॅल्फची जागा रिकामीच होती. दुसऱ्या कुणाला ती द्यायला माझा हात धजला नव्हता.

मी मोठ्या आईंकडं गेले आणि तुझं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी विचारलं की ही मुलगी कुणाची कोण. मी तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या बराच वेळ खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, खरवडलेल्या कातडी पानावर शाई पसरते, आधी खडूची पूड चोळ. आणि पत्र मला परत दिलं.

पूड चोळूनही थोडी पसरलीच. तिचं नाव बाकीच्या नावांपेक्षा जाड दिसतं.

गोष्ट नियमात बसत नाही हे मला कळतं. विचारलं तर मी पुन्हा पाव आणि पाणी घेईन.

नावं मृत्यूच्या दिवशीच वाचतात, पण नवीन नाव लिहिलं की एकदा लगेच वाचायचं असतं. ते आज सकाळी वाचलं. ‘इडोनिया’ म्हटलं, आणि लगेच पुढचा शब्द आला. तो बाकीच्या बावीस जणींनी म्हटला.

जेवत जा. लोभ इथं रोज सकाळी आहे.

तुझी,
अविसताई