शेजाऱ्याच्या स्टोव्हला लावलेले सील

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पर्यावरण व परवाने विभाग,
नगरपालिका रीटदाइक, ब्रेडाजवळ, नेदरलँड्स.

अर्जदार: सौ. मंजूषा सतीश अष्टपुत्रे, घर क्र. २७, लिंडेलान, रीटदाइक.

विषय: मी स्वतः केलेली धुराची तक्रार मागे घेणे, आणि त्या तक्रारीच्या आधारे घर क्र. २९ मधील लाकडाच्या स्टोव्हला लावलेले सील रद्द करणे याबाबत.

संदर्भ: १) माझी तक्रार, दि. ११ जानेवारी २०२१.
२) आपली नोटीस, दि. ४ ऑक्टोबर २०२१.
३) आपले पत्र, दि. १४ जानेवारी २०२२.
४) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांचे उत्तर आलेले नाही.

महोदय,

आपल्या प्रत्येक पत्राच्या मागे सहा भाषांत छापलेले असते, की नागरिकाने स्वतःला सोयीच्या भाषेत लिहावे, भाषांतर कार्यालय करून घेईल. त्या सहांत मराठी नाही. पण शेवटी ‘अथवा अन्य कोणतीही’ असे आहे. मी डचमध्ये तीन अर्ज केले. माझे डच दुकानात आणि डॉक्टरांकडे पुरते, रागावायला पुरत नाही. म्हणून हा चौथा अर्ज मराठीत करीत आहे. भाषांतर करणाऱ्यास विनंती, की त्याने काहीही सौम्य करू नये.

मी पुणे जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयात अठरा वर्षे आवक-जावक लिपिक होते. माझे पती सतीश यांना ब्रेडा येथील मालवाहतूक कंपनीत नोकरी लागल्यामुळे २०१८ साली मी ती नोकरी सोडली. तेव्हा अर्ज कसा अडतो, हे मला टेबलाच्या आपल्या बाजूने माहीत आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

१. नोव्हेंबर २०२० मध्ये सतीश यांना कोरोना झाला. सोळा दिवस ते रुग्णालयात होते. घरी आले तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या चढून पाचवीवर बसत. आमच्या हाउसआर्ट्स, म्हणजे घरच्या डॉक्टरीणबाई, म्हणाल्या, “दोन गोष्टी पाळा. खिडक्या उघड्या ठेवा आणि धुरापासून लांब राहा.” खिडकी उघडली की शेजारच्या २९ नंबरच्या धुराड्याचा धूर थेट आत येई. बंद केली तर पहिली अट मोडे. त्या हिवाळ्यात मी दिवसातून वीस वेळा ती खिडकी उघडली आणि लावली.

२. घर क्र. २९ मध्ये श्री. कोस फेरमास राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. कालव्यावरील बोटींसाठीची दारे उघडण्या-मिटण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी रिया एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने गेल्या. मी जानेवारीत त्यांच्या दारी गेले, दीड मीटर अंतर राखून उभी राहिले आणि म्हणाले, “तुमच्या धुराने माझा नवरा गुदमरतोय.” ते म्हणाले, “माझी बायको धूर नसताना गुदमरून गेली.” आणि त्यांनी दार लावले.

त्याच दिवशी मी आपल्याकडे तक्रार केली. दुसऱ्याचे दुःख ऐकून घ्यायला त्या दिवशी माझ्यात जागा नव्हती. हे मी लपवीत नाही.

३. तक्रारीवर आपण काय केले? प्रथम एक रंगीत पत्रिका पाठवली: ‘शेजाऱ्याशी बोलून पाहा.’ मग पाच महिन्यांनी, १४ जून रोजी, आपले निरीक्षक आले. बाहेर अठ्ठावीस अंश तापमान होते. ते आमच्या अंगणात उभे राहिले, नाक वर केले आणि ‘धूर आढळला नाही’ असे लिहून गेले. जूनमध्ये कोण स्टोव्ह पेटवतो? मी त्यांना हेच विचारले. ते म्हणाले, “बाई, मला तारीख मिळाली ती ही.”

४. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपण आमची वस्ती धूर-नियंत्रण क्षेत्र जाहीर केली. आपल्या मान्य यादीतील कमी धुराचा स्टोव्ह तेवढा चालेल, जुना चालणार नाही, असे ठरले. नऊ महिने झोपलेली माझी तक्रार त्या वेळी उठली आणि श्री. कोस यांना पहिली नोटीस गेली: सहा आठवड्यांत स्टोव्ह बदला, नाहीतर बंद करा. नोटिशीत तक्रारदाराचे घर म्हणून २७ क्रमांक छापला होता. त्यांनी ती नोटीस माझ्या पत्रपेटीत आणून टाकली. वर पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता, ‘धन्यवाद’.

धुराडे बंद झाले. सतीश त्या आठवड्यात खिडकी उघडी ठेवून झोपले आणि मला बरे वाटले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे, काचेच्या दारामागे, श्री. कोस ओव्हरकोट आणि टोपी घालून जेवत होते. तेव्हा मला कळले, की त्यांच्या घरात दुसरी ऊबच नाही. गॅसचा बॉयलर रियाबाईंच्या हयातीतच बंद पडला होता. लाकडावर भागतेय, पुढच्या वर्षी बघू, असे दोघांचे ठरले होते. ते पुढचे वर्ष २०२० निघाले.

मी हातातला टॉवेल तसाच टाकून त्यांच्या दारी गेले. म्हटले, “यादी घेऊन या बाहेर. आपण स्टोव्ह निवडू.” ते म्हणाले, “तुम्हीच तक्रार केलीत ना, बूरफ्राउ?” बूरफ्राउ म्हणजे शेजारीणबाई. मी म्हटले, “हो, मीच केली. म्हणून मीच आले.”

५. महोदय, आपल्या यादीत एकेचाळीस स्टोव्ह आहेत. त्यातला कोणता घ्यावा हे सांगणारे एक वाक्य आपण कुठेही लिहिलेले नाही. ते आम्ही तिघांनी अंगणात बसून शोधले. अडीच आठवडे आम्ही कुंपणाच्या अलीकडे आणि ते पलीकडे, गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन. श्री. कोस यांना मोठा, दहा किलोवॅटचा हवा होता, कारण जुना तेवढा होता. सतीश यांनी खोलीची मापे घेऊन हिशेब केला, की तिला पाच किलोवॅट पुरतात. मोठा स्टोव्ह छोट्या खोलीत नकोसा तापतो, मग माणूस त्याची हवा कोंडतो, आणि कोंडलेली आग धूर ओकते. आदल्या हिवाळ्यात आमच्याकडे येत होता तो हाच धूर. भुशाच्या गोळ्यांवर चालणारा विजेचा स्टोव्ह मी सुचवला. त्याचे चित्र बघून ते म्हणाले, “हे कॉफीचे मशीन आहे. वीज गेली की मी गार.” तो मुद्दा बरोबर होता.

प्रत्येक स्टोव्हच्या कागदावर धुरातील सूक्ष्म कणांचा आकडा असतो. आम्ही तो एकेक वाचला, आणि सर्वांत कमी आकड्यांच्या तीन स्टोव्हमधून क्रमांक १४ ठरवला. तो बसवायला परवानाधारक माणूस आणला. धुराडे साफ करून छपराच्या आढ्याहून वर चढवले. लाकडाची ओल मोजायचे लहान यंत्र घेतले. त्यांच्या शेडमधले निम्मे लाकूड ओले निघाले, ते त्यांनी कुरकुरत बाजूला रचले. मोठी लाकडे खाली, बारीक काटक्या वर आणि आग वरून लावायची, हे नवे वळण त्यांनी दोन दिवसांत शिकून घेतले. “पन्नास वर्षे मी उलटी पेटवली,” असे म्हणून ते हसले. रियाबाई गेल्यानंतर हसताना मी त्यांना तेव्हा प्रथम पाहिले.

९ डिसेंबर रोजी स्टोव्ह पेटला. मी रस्त्यावर जाऊन धुराड्याकडे पाहिले. वर नुसती हवा हलत होती. सतीश यांनी आमची खिडकी उघडली, ती त्या दिवसापासून उघडीच आहे. मी त्याच दिवशी तक्रार मागे घेण्याचा पहिला अर्ज केला.

६. आता आपले १४ जानेवारीचे पत्र. नव्या वर्षाच्या सुधारित यादीत क्रमांक १४ नाही, सबब तो वापरता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. का नाही, हे मी दूरध्वनीवर विचारले. उत्तर मिळाले, की कारखान्याने चाचणीचा दाखला नव्या नमुन्यात पाठवला नाही. नमुना बदलून आला की एप्रिलच्या बैठकीत नाव पुन्हा घेतले जाईल. म्हणजे स्टोव्ह तोच आणि धूरही तेवढाच. फरक फक्त कागदाच्या नमुन्यात पडला.

त्याच पत्रात पुढे लिहिले आहे, की आधी बसवलेल्या स्टोव्हना वर्षभराची सवलत आहे. परंतु घर क्र. २९ बाबत शेजाऱ्याची तक्रार प्रलंबित असल्याने सवलत देता येत नाही. तो शेजारी मी आहे, महोदय! मी रोज ओरडून सांगते आहे, की माझी तक्रार नाही. आपल्या कर्मचारी बाई म्हणाल्या, “तक्रार मागे घेण्याचा पर्याय सिस्टीममध्ये नाही. तक्रारदार समाधानी असल्याची नोंद झाली, की ती आपोआप बंद होते.” मी म्हटले, “मी समाधानी आहे. नोंद करा.” त्या म्हणाल्या, “ती नोंद ज्यांच्याकडे फाइल आहे तेच करू शकतात, आणि ते ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेले.”

अठरा वर्षांत मीही लोकांना ‘उद्या या’ म्हटले आहे. त्याची आज लाज वाटते. पण गेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणसाला थंडीत बसवायचे, हे आमच्याकडे कुणाला सुचले नव्हते.

७. १९ जानेवारी रोजी आपले निरीक्षक आले, तेच जूनमधले. श्री. कोस यांनी त्यांना सांगितले, “आधी धुराड्याकडे बघा. पेटलेला आहे, धूर दिसतो का?” मी ओल मोजायचे यंत्र पुढे केले, कागद दाखवले. निरीक्षकांनी मान वर केली नाही. आग विझेपर्यंत ते गाडीत बसून राहिले, मग येऊन स्टोव्हच्या दाराला तार ओवून शिशाचे सील लावले. जाताना मला म्हणाले, “तुमच्याच तक्रारीवर कारवाई झाली, बाई.” जणू मी आभार मानायला हवे होते.

बॉयलर बसवणाऱ्यांनी मार्चची तारीख दिली. आम्ही विजेचा हीटर दिला; त्याने एका खुर्चीपुरती हवा गरम होई. आमच्याकडे या म्हटले, तर श्री. कोस म्हणाले, “मला खोकला आहे. सतीशच्या छातीशी मी खेळणार नाही.” नऊ दिवस ते त्या खोलीत राहिले. सतीश रोज त्यांच्या दारातून तापमान वाचून यायचे: अकरा, दहा, साडेनऊ. या नऊ दिवसांत मी आपल्याला दोन अर्ज केले, कार्यालयात समक्ष आले, आणि महासाथीमुळे प्रवेश केवळ पूर्वनियोजित भेटीनेच, असे काचेवर वाचून परत गेले. भेटीची तारीख ८ फेब्रुवारी मिळाली.

२८ जानेवारी रोजी त्यांना न्यूमोनिया होऊन ब्रेडाच्या रुग्णालयात नेले. कोरोना नव्हता, नुसती थंडी होती. स्ट्रेचरवरून ते सतीश यांना एवढेच म्हणाले, “शेडचे दार लावून घे. लाकूड भिजेल.”

८. काल रुग्णालयातून फोन आला. ते सावरले आहेत, आज घरी सोडता येईल, पण घर गरम आहे का, असे परिचारिकेने विचारले. गार घरी आम्ही पाठवणार नाही, मग कुठल्यातरी वृद्धाश्रमात खाट शोधावी लागेल, असेही ती म्हणाली. मी म्हटले, “घर गरम आहे.” ते खोटे होते. आयुष्यात मी शासकीय वा निमशासकीय कामात खोटे बोललेले नाही. हे पहिले खोटे मी आपल्यामुळे बोलले.

म्हणून आज, ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सकाळी दहा वाजता, मी श्री. कोस यांनी आमच्याकडे ठेवलेल्या किल्लीने त्यांचे घर उघडले आणि सतीश यांच्या समक्ष आपले सील स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले. तार जाड होती, दोन्ही हात लावावे लागले. सतीश म्हणाले, “मंजू, तू? सरकारी सील?” मी म्हटले, “हो. काटक्या दे.” आग वरून लावली. दुपारी दोनला खोलीत वीस अंश होते.

अडीच वाजता श्री. कोस घरी आले. हे सील कुणी काढले, असे त्यांनी विचारले नाही. ते खाली वाकून काचेतून ज्योत बघत राहिले आणि म्हणाले, “हवेची पट्टी फार उघडी ठेवलीयस, बूरफ्राउ.” त्यांनी ती बोटभर सरकवली आणि खुर्चीत बसले. मी हा अर्ज त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. ते झोपले आहेत.

९. सबब मी कळवते, की सील मी तोडले आहे. श्री. फेरमास यांचा त्यात काडीचाही संबंध नाही. ते त्या वेळी रुग्णालयात होते आणि त्याचा पुरावा सोबत आहे. जी काही शिक्षा असेल ती माझ्या नावाने काढावी. माझी तक्रार आज, या क्षणी संपली आहे. आपल्या सिस्टीममध्ये त्यासाठी जागा नसेल तर ती करावी. घर क्र. २९ ला इतरांप्रमाणे वर्षाची सवलत लेखी द्यावी. आणि निरीक्षकांना पुन्हा पाठवायचे असेल, तर थंडी आहे तोवर पाठवावे आणि मोजायचे यंत्र देऊन पाठवावे. नुसते नाक घेऊन आलेल्या माणसाला यापुढे मी फाटकातून आत घेणार नाही.

हे सील आपण पुन्हा लावलेत तर मी ते पुन्हा कापीन. हा अर्ज त्याचीही आगाऊ सूचना समजावी.

कळावे. नम्रतेचा शब्द लिहिण्याची पद्धत मला ठाऊक आहे. आज तो लिहिता येत नाही.

आपली अर्जदार,
(सही)
सौ. मंजूषा सतीश अष्टपुत्रे
रीटदाइक, दि. ३ फेब्रुवारी २०२२

सोबत:
१) आपल्या जुन्या यादीचे पान, क्रमांक १४ वर खूण केलेले.
२) स्टोव्ह बसवल्याचा व धुराडे साफ केल्याचा दाखला.
३) श्री. कोस फेरमास यांचे रुग्णालयाचे कागद, त्यांच्या संमतीने.
४) माझ्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
५) कापलेले सील, तारेसह. मूळ.