काळ्यात बुडालेली कुऱ्हाड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा चित्रांत काळी शाई भरणे, हल्ली निवृत्त, राहणार शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून गुंडाळलेले नाही. तसा प्रयत्न करणारे माझे यजमान वीस वर्षांपूर्वीच गेले, आणि त्यांनाही ते कधी जमले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते. अक्षर मात्र फार सुरेख आले होते, म्हणून फाडवत नव्हते. आज फाडले.

कलम एक. दोन्ही खोल्या आतल्या सामानासकट माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दादाच्या एकुलत्या एका मुलीला, मिळाव्यात. ती लिफ्ट दुरुस्त करते आणि माझ्याशी बोलतानाही हातात पाना असल्यासारखी बोलते. तिने वाटेल ते बदलावे, फक्त खिडकीजवळचे टेबल हलवू नये. तिथे उजेड डाव्या बाजूने येतो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडत नाही. बँकेतली ठेवही तिचीच.

कलम दोन. माझी लाकडी शिडी खालच्या शिंपीणकाकूंना द्यावी. ती नऊ वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे. "आज देते, उद्या देते" असे म्हणण्याचा त्यांना फार त्रास झाला, तो यापुढे होऊ नये.

कलम तीन. माझे धाकटे दीर मला आयुष्यभर विचारत आले, "वहिनी, तुमचा चित्रं रंगवायचा पोरखेळ कसा चाललाय?" त्यांना त्या पोरखेळाचे सगळे एकेचाळीस खंड द्यावेत. अट एवढीच की भाचीने अधूनमधून त्यांना मधल्या खंडांवर प्रश्न विचारावेत.

कलम चार. माझे सतरा ब्रश, दोन दौती आणि पांढऱ्या रंगाची बाटली चित्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला द्यावी. तीन नंबरच्या ब्रशाचे केस वाकडे आहेत. तो टाकू नये, कोपरे भरायला तोच बरा.

आणि ज्यांना आम्ही सगळे सरदार म्हणत आलो, ज्यांच्या चित्रशाळेत मी बत्तीस वर्षे काम केले, त्यांना मी काहीही देत नाही. ब्रशाचा एक केसही नाही. हे विसरून राहिलेले नाही. कारण पुढे येईल.

कलम पाच. माझ्या कपाटात वरच्या खणात पत्र्याचा डबा आहे. त्यात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. वहीत त्रेसष्ट चित्रे आहेत. ती माझ्या दादाने काढलेली आहेत. ही वही भाचीला मिळावी. पण वही कशाची, हे लिहिल्याशिवाय नुसती देऊन उपयोग नाही, म्हणून हे कलम लांबणार आहे. वाचणाऱ्याने चहा टाकून बसावे.

उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंची, त्या व्हायकिंगांची, जपानी मांगा पद्धतीची चित्रमालिका छत्तीस वर्षे दर महिन्याला निघत होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे तिचा अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांचा पट, झाला तेव्हा माझ्या दीरांनाही ठाऊक झाले. त्यातली नायिका नावाड्याची मुलगी. लुटारूंनी तिचे गाव जाळलेले, म्हणून ती कमरेला जळका दोर बांधून, एक वेणी कापून, त्यांच्या म्हाताऱ्या म्होरक्याचा जीव घ्यायला निघालेली. मालिकेवर नाव एकाच माणसाचे आहे, आमच्या सरदारांचे. ती मुलगी त्या माणसाने निर्माण केली, असेच छापले गेले आहे.

ती मुलगी माझ्या दादाची आहे. तो आणि सरदार एका खोलीत भाड्याने राहत. दादाने ही वही त्यांना बघायला दिली. आठ महिन्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात पहिला अंक लटकलेला दिसला. तोच दोर आणि तीच कापलेली वेणी. मी बावीस वर्षांची होते. मी म्हटले, "जाऊन त्याची गचांडी धर." दादा भांडला नाही. त्याने खोली सोडली आणि रस्त्यावरच्या पाट्या रंगवायला लागला. बाण, आकडे, 'वळण पुढे आहे'. माणसाचा चेहरा त्याने पुन्हा काढला नाही. मला हे फार लागले. अजून लागते.

पण दर महिन्याचा अंक तो घ्यायचा. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरल्यावर मी त्याला वाचून दाखवत असे. एकदा मी अंक भिंतीवर भिरकावला, तेव्हा तो म्हणाला, "उचल गं. दुसऱ्याच्या घरी वाढतेय म्हणून काय झालं? कशी वाढतेय ते बघायला नको?" चार वर्षांत दादा गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने एकच विचारले, "पुढे काय होतं तिचं?"

सूड घे असे तो मला कधीही म्हणाला नाही. ते माझे मीच ठरवले.

लग्नानंतरचे आडनाव सांगून मी सरदारांच्या चित्रशाळेत नोकरी धरली. मला काळे भरायचे काम मिळाले. ते असे असते. मुख्य चित्रकार रेषा काढतो आणि जिथे गडद काळे हवे तिथे पेन्सिलीने एक बारीक फुली मारतो. भरणारी बाई ती जागा ब्रशाने भरते. फुली असेल तिथे भरायचे, नसेल तिथे कागद कोरा ठेवायचा. डोके चालवायचे नाही. अस्सल पान एकच असते आणि आमच्याकडे तेव्हा नक्कल ठेवायची पद्धत नव्हती. माझा बेत साधा होता. सगळ्यात मोठा अंक येईल, वीस पाने माझ्या टेबलावर असतील, छापखान्याचा माणूस दारात उभा असेल, आणि माझ्या हातून दौत लवंडेल.

त्या दिवसाची मी सात वर्षे वाट पाहिली. तो आला तेव्हा मालिका अकरा वर्षांची झाली होती. नायिका अखेर त्या म्हाताऱ्या लुटारूपुढे उभी होती, कुऱ्हाड उगारून. महिनाभर वाचकांनी अंकासाठी जीव टाकला होता. सकाळी साडेदहाला सरदारांनी ते पान माझ्यापुढे ठेवले आणि आत गेले. मी दौतीचे झाकण काढले.

मग मी म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. आधीच्या सगळ्या अंकांत तो शिरस्त्राणाखाली झाकलेला असे. या पानावर पहिल्यांदा उघडा होता. तो सरदारांचा स्वतःचा चेहरा होता. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा सोडलेला नव्हता. गुडघे टेकलेले, मान पुढे केलेली. माझ्या दादाने चितारलेल्या मुलीपुढे त्यांनी स्वतःलाच आणून बसवले होते. मी ज्या माणसाला धडा शिकवायला आले होते, तो अकरा वर्षे तीच शिक्षा पानापानाने स्वतःकडे आणत होता.

माझा हात थरथरला. हात थरथरत असताना भरू नये, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी भरले. मागच्या आकाशात फुली होती. मी आकाश भरता भरता रेष ओलांडली आणि कुऱ्हाडीचे कोरे पातेही काळे करून टाकले. मागे काळे, पातेही काळे. कुऱ्हाड दिसेनाशी झाली. मुलीचा उगारलेला हात रिकामा दिसायला लागला.

लोक म्हणतील की मी हे मुद्दाम केले. नाही. ती चूक होती, आणि इतक्या वर्षांच्या कामात मी केलेली सगळ्यात ढोबळ चूक होती. मुद्दाम केले ते त्यानंतरचे. पांढऱ्या रंगाने पाते परत काढणे दोन मिनिटांचे काम होते. बाटली हाताशी होती. ती मी उघडली नाही. दौतीचे झाकण लावले, पान वाळवले आणि छापखान्याच्या माणसाला दिले.

अंक छापून आल्यावर सरदार माझ्या टेबलाशी आले.

"कुऱ्हाड कुठे गेली?"

"भरली गेली."

मी पिशवी आवरायला घेतली, कारण नोकरी गेलीच होती. मग ते म्हणाले, "राहू दे. मला ती तिच्या हातातून काढताच येत नव्हती."

पुढची पंचवीस वर्षे त्या मुलीने शस्त्र उचलले नाही. तिने बापाची होडी दुरुस्त केली आणि पळून जाणाऱ्यांना नदीपलीकडे सोडत राहिली. म्हातारा लुटारू तिच्या होडीत वल्हे मारायला लागला. तिने त्याला माफ केले असे कुठेही लिहिलेले नाही. ती त्याला फक्त रोज सकाळी वल्हे देते. हजारो वाचकांनी पत्रे लिहिली की आम्हीही काहीतरी हातातून खाली ठेवले. ती पत्रे मी जपून ठेवली आहेत. पलंगाखाली पाहावे.

चित्रशाळा बंद झाली तेव्हा सरदारांचे कपाट आवरताना मला ही वही सापडली. धुतलेल्या फडक्यात बांधलेली होती. दारात ते उभे होते.

"घेऊन जा," ते म्हणाले. "तुझीच आहे."

"मी कोण, ते तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. तू ब्रश करंगळीवर टेकवून धरतेस. तसा धरणारा मी एकच माणूस पाहिला होता."

"मग मला काळं भरायला का दिलंत? मी एका दिवसात तुमचं वाटोळं केलं असतं."

"म्हणूनच," ते म्हणाले.

चारचौघांत मात्र ते याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मी विचारले नाही. चौदा वर्षे मी दर मंगळवारी त्यांच्याकडे जाते आणि वर्तमानपत्र वाचून दाखवते, कारण त्यांचे डोळे गेले आहेत. आम्ही हवेवर बोलतो. दादाचे नाव कोणीच काढत नाही. त्याचे नाव एकाही खंडावर नाही, आणि ते यावे एवढीच या कागदामागची माझी इच्छा आहे. त्याशिवाय मला सुखाने डोळे मिटता येणार नाहीत.

कलम सहा. माझ्या वैराची व्यवस्था. गेल्या महिन्यात सगळ्या खंडांची नवी आवृत्ती निघणार असल्याचे जाहीर झाले, तशी भाची माझ्याकडे आली. "आत्या, हीच वेळ आहे," ती म्हणाली. "वही छापायला देऊ वर्तमानपत्रात. म्हातारा जिवंत आहे तोवर त्याचं नाव धुळीला मिळू दे. बाबांचं काय केलं त्याने, बघू दे जगाला." रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी अगदी हेच लिहिले होते. माझाच राग माझ्यासमोर पन्नाशीचा होऊन बसला होता, आणि मला तो आवडला नाही.

बाळ, खोल्या घे, टेबल घे, वही घे. वैर मी कोणाच्याही नावे करत नाही. ते माझ्या मालकीचे होते आणि माझ्याबरोबर संपेल. वही त्यांच्या हयातीत कोणाच्या तोंडावर फेकायची नाही. त्यांच्या पश्चात तुझ्या बाबांचे नाव जगाला जरूर सांग. पण ते सांगताना दुसऱ्या कोणाचे नाव पुसावेच लागते का, ते आधी बघ. तुझे बाबा त्या माणसाचे अंक शेवटपर्यंत विकत घेत होते.

कलम सात. माझ्यामागे रडारड नको. अगदीच आवरले नाही तर जिन्यात करावी, खोलीत पत्रांचे गठ्ठे आहेत आणि शाई ओल धरते. अंतिम संस्कार थोडक्यात उरकावेत. माझ्या उजव्या हाताच्या नखांतली शाई घासून काढू नये. ती निघत नाही, मी प्रयत्न केला आहे.

कलम आठ. आता राहिलेले कारण. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळून चालत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंना चहापलीकडे काही नाही. आणि म्हणूनच सरदारांना काही नाही. मला ते दुसरे साक्षीदार म्हणून हवे आहेत. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकुराशी त्याचा संबंध नसतो, हे मला कळते. तरी सही करण्याआधी कलम पाच त्यांना मोठ्याने वाचून दाखवले जाईल. त्यांनी सही न करता उठून जायचे ठरवले तर त्यांना कोणी अडवू नये आणि वाईट बोलू नये. मग साक्षीला शिंपीणकाकूंना बोलवावे लागेल, आणि शिडी माझी मलाच परत घ्यावी लागेल. भाचीने त्यांना घ्यायला जावे. हो, तूच. जिना चढताना त्यांना हात दे.

हे सर्व मी वाचून, समजून, खिडकीजवळच्या टेबलावर बसून लिहिले आहे.

स्थळ: माझीच खोली. दिनांक: ११ मार्च, मंगळवार, दुपारी चार.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिली: या बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत. हट्टी आहेत, पण तो आजार नाही. (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा (त्यांनी सांगितले, भाचीने लिहून घेतले): हिने माझ्यासमोर सही केली. मला दिसत नाही, पण ब्रश काय, पेन काय, हिचा कागदावरचा आवाज मला ओळखता येतो. मला कलम पाच वाचून दाखवले. ते खरे आहे. मुलगी त्याची. दोर त्याचा. वेणी त्याची. मी वही उघडली आणि माझे नाव घातले. नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर माझ्या आधी त्याचे नाव छापावे, हे मी प्रकाशकाला उद्या कळवतो. पत्र त्याची मुलगी लिहून घेईल म्हणाली. (सही)

ताजा कलम, माझ्या हातचे: सही कुठे करायची ते त्यांना समजेना. भाचीने त्यांचे बोट धरून कागदावर टेकवले, आणि जागा चुकू नये म्हणून मी तिथे पेन्सिल दाबून, त्यांच्या बोटाला चर लागेल अशी फुली मारली. बत्तीस वर्षे त्यांनी फुली मारली आणि मी भरले. आज मी मारली आणि त्यांनी भरली. सहीखालची फुली खोडायची राहिली आहे. ती तशीच असू द्यावी.