मले, मला आणि डबिंग

४ एप्रिल, सावली
ऑडिशन पास. वेब सिरीजमध्ये आईचं काम. नाटकांचा सीझन होळीला आटोपला. आता दिवाळीपर्यंत झाडीपट्टीच्या नटीला कोण विचारतं? म्हणून प्राचीनं मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवला होता. लेक गडचिरोलीला नर्सिंग शिकते, पण असले उद्योग तिला जास्त जमतात. शूटिंग जवळच, तळ्यापलीकडच्या गावात.

११ एप्रिल
पहिला दिवस. आपल्याला यातलं इंग्रजी येतं असा माझा समज होता. एंट्री, एक्झिट, विंग, ब्लॅकआउट, प्रॉम्प्टर, सगळा जन्म यातच गेला. इथे यातला एक शब्द कोणी उच्चारेल तर शपथ.

ऋता म्हणून सहायक दिग्दर्शिका आहे, पुण्याची, प्राचीच्याच वयाची. दोनदा म्हणाली, ताई, आयलाइन चुकतेय. दोन्ही वेळा बाजूला जाऊन काजळ पुसून आले. तिसऱ्यांदा तेच. शेवटी तिनं समजावलं, आयलाइन म्हणजे नजर. वाक्य संपलं की माझी नजर डावीकडे जाते म्हणे. जाणारच. आमचे डोमाजीभाऊ प्रॉम्प्टिंगला डाव्या विंगेतच बसतात, पुढचं वाक्य तिकडूनच येतं. इथे डावीकडे नुसता पंखा होता.

१२ एप्रिल
आजचा शब्द कंटिन्युइटी. कालच्या सीनमध्ये साडीचा काठ चिखलानं भरला होता. घरी आणली, धुतली, इस्त्री करून घेऊन गेले. कंपनीची साडी मळकी परत करायची लाज वाटते आपल्याला. तर ह्यांना कालचा चिखल आजही हवा होता, तोही त्याच जागी! ऋ.नं कपाळावर हात मारला. मग दोघी तळ्यावर गेलो, मोबाइलमधला फोटो बघून काठ पुन्हा चिखलात बुडवला. पोट दुखेस्तोवर हसलो. पोरगी चांगली आहे.

१५ एप्रिल
आज मोठा सीन. न सांगता लग्न केलेली मुलगी दारात येऊन उभी राहते. कागदावर माझं वाक्य: 'मला का नाही सांगितलंस?'

तीनदा म्हटलं. दिग्दर्शक सर दर वेळी, कमी करा ताई, अजून कमी. अंडरप्ले. मंडपातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, हे अंगात मुरलेलं. कमी कुठून करू? चौथ्यांदा थकले होते. तोंडातून निघून गेलं, 'मले काऊन नाई सांगतलं?' हळूच. घरी बोलते तसं.

कट म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मग सर म्हणाले, हेच ठेवू.

नंतर रूम टोन घेतला. म्हणजे सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या घराची शांतता टेप करायची. तिथे उभ्या उभ्या डोक्यात आलं की आमच्या नाटकात हिरोइन, आई, जिला जिला रडायचं असतं ती 'मला' म्हणते. 'मले' कॉमेडीवाल्याचं. इतकी वर्षं 'मला' म्हणून रडले, आज पहिल्यांदा 'मले' म्हणून. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२ जून
ऋ.चा फोन. डबिंग करायचंय. मी खूश, की चला, स्टुडिओ पाहायला मिळेल. मग तिनं अडखळत सांगितलं. पुण्यातल्या वरच्या लोकांचं म्हणणं, तो सीन बाहेरच्या प्रेक्षकाला कळणार नाही. खाली इंग्रजीत अक्षरं येणार आहेत, पण मराठी माणसाला मराठी कशी समजावून सांगायची? तर ते वाक्य आणि पुढची सगळी शुद्ध मराठीत. नागपूरला येऊन मी म्हणायची, नाहीतर पुण्याची कोणी बाई म्हणेल. करारात तसं आहेच, तरी ऋ.नं विचारलं. सांगते म्हटलं.

५ जून
डोमाजीभाऊंकडे गेले. म्हटलं, भाऊ, काय करू? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आपणच तं शिकवलं लोकायले. हिरोइननं 'मले' म्हटलं का हासतेत." मग सुपारी कातरायला घेतली. खरंच आहे. एकट्या पुण्याच्या लोकांवर का रागवायचं?

प्राची मात्र फोनवर भडकलीच.
"आई, तू नाई गेली तं दुसरी बाई तुह्या तोंडानं बोलन. तुले चालते?"
नाही चालत. ऋ.ला कळवलं, येते.

१४ जून, नागपूरहून परतताना, बसमध्ये
एवढीशी खोली, भिंतींना फोम, कानाला हेडफोन, पडद्यावर मी. ओठांबरोबर बोलायचं, लिपसिंक. बाकीची वाक्यं पटापट झाली. मग ते आलं.

पडद्यावर माझं तोंड 'मले' म्हणतंय आणि मी वरून 'मला'. 'ला'ला तोंड उघडतं, 'ले'ला ओठ ताणले जातात. रेकॉर्डिंगवाले भाऊ म्हणाले, चालून जातं ताई, कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येत होतं. तरी पाहिजे तसं म्हणून दिलं, नीट. काम ते काम.

मग म्हटलं, "भाऊ, एक 'मले'वालं माह्यासाठी घ्या."

त्यांनी ऋ.ला फोन लावला. ती म्हणाली, घ्या, दोन्ही पाठवा, पण सर कुठलं ठेवतील ते मी नाही सांगू शकत. घेतलं. एका टेकमध्ये झालं. दोन्ही गेले पुण्याला.

आत्ता प्राचीचा फोन येऊन गेला. म्हणाली, "आणि त्यायनं 'मला'वालं ठेवलं तं?"
म्हटलं, "तं मंग मी आवाज बंद करून पाहीन."