पिल्लांखालची मरळ

बाबा, काल गुरुवार होता आणि मी तलावावर गेले होते. सासवड रस्त्यावरून आत वळलं की लागतो तो, तुमचा पाझर तलाव. आता तिथवर सिमेंटचा रस्ता आहे, तीन बाजूंनी उंच इमारती आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत त्याला 'लेक' म्हणतात. निम्मं पाणी जलपर्णीने झाकलंय. तुम्ही म्हणाला असतात, बरं झालं, माशांना सावली झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचं एखादं वाक्य शोधावं लागतं, आणि जे सापडतं ते पाण्याबद्दलचंच असतं. घराबद्दल तुम्ही फारसं बोलतच नव्हता.

हडपसरच्या कारखान्यात तुमची सुट्टी गुरुवारी, आणि आईचा गुरुवार दत्ताचा. म्हणजे ज्या एका दिवशी तुम्हाला गळ घेऊन बाहेर पडता यायचं, नेमकं त्याच दिवशी घरात मासा चालत नव्हता. पत्रिका जुळवूनही असा योग आला नसता. तुम्ही मासे धरायचात आणि सोडून द्यायचात, नाहीतर येताना समोरच्या चाचींच्या दारात पिशवी ठेवायचात. "धरायचे आपण, खायचे शेजाऱ्यांनी. पुढच्या वेळी जाताना वाटणही देऊन या," आई म्हणायची. कारखान्यातल्या प्रेस मशीनच्या आवाजाने तुमचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे तिचं सगळं तुम्हाला ऐकू यायचं नाही, आणि ते तुमच्या पथ्यावरच पडायचं. मी मात्र विचार करायचे, की जो मासा ताटात येणार नाही त्याच्यासाठी हा माणूस दिवसभर उन्हात का बसतो.

मग मी तुमच्याबरोबर यायला लागले आणि तो प्रश्न हळूहळू मागे पडला. पोचल्यावर तुम्ही कधी लगेच गळ काढला नाहीत. आधी काठाने एक चक्कर. पाय आपटायचे नाहीत, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. वारा ज्या काठाकडे वाहतोय तिकडे थांबून तुम्ही म्हणायचात, "सगळं खाणं इकडे लोटलं जातंय, म्हणजे तेही इकडेच." थंडीत रोहू आणि कटला खोल पाण्यात सुस्तावलेले, ऊन तापायला लागलं की पहाटे काठाशी आणि दुपारी पुन्हा खाली. शिंगटा दिवसभर दगडांच्या कपारीत, उजेड उतरला की मिशांनी गाळ चाचपत बाहेर. चिलापी उथळ तळाला ताटाएवढे खड्डे करून बसलेली. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली, की खाली रोहू चरतोय. "मासा भुकेला असतो आणि भित्रा असतो. दोन्ही एकाच वेळी. मग तो कुठे बसेल, सांग," असं विचारून तुम्ही माझ्या उत्तराची खरोखर वाट बघायचात. मग मला सपाट, कोरं दिसणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणायचात, "इथे." कणकेची गोळी तिथे पडायची, गळाला बांधलेला ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा जरा डुलायचा आणि गपकन खाली जायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. शाळेत आम्हाला देवाच्या सर्वज्ञपणाबद्दल शिकवत होते, पण मला तो प्रत्यक्षात फक्त तुमच्यातच दिसला होता.

मरळ हा मात्र तुमचा वेगळाच विषय. ती पाण्यात राहते आणि हवेत श्वास घेते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला थाप वाटली. दर थोड्या वेळाने ती वर येते, तोंड उघडून एक घोट हवा घेते आणि खाली जाते. पावसाळ्यात तिची पिल्लं गवताजवळ एकत्र गोळा होऊन फिरतात, शेंदूर सांडल्यासारखी लालकेशरी. त्यांनाही वर यावंच लागतं, आणि शेकडो पिल्लं एकदम वर आली की तेवढंच पाणी भाताच्या आधणासारखं उकळतं. त्यांच्या बरोबर खाली आईबाप. जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. बाकीचे गळवाले नेमके तिथेच बेडूक लावून गळ टाकायचे, कारण मरळ हमखास झडप घालते. तुम्ही तिथून उठून दुसरीकडे जायचात. कारण विचारलं तर म्हणायचात, "ती भूक म्हणून नाही येत गं."

आणि मग आईचं ऑपरेशन झालं. घरी आणली तेव्हा ती एवढीशी झाली होती. अन्नावरची वासनाच गेली. दोन चमचे पेज घेऊन तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर टाके भरणार कसे. चाची बघायला आल्या आणि दारातच तुम्हाला म्हणाल्या, "भाईजान, भाभी को मरळ का शोरबा देव. टांके फटाफट भरते." तुमच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड आला, कारण ही एक गोष्ट तुम्हाला करता येण्यासारखी होती. त्या गुरुवारी तुम्ही एकटेच गेलात. पाणी गढूळ होतं, दिवसभरात काही लागलं नाही, आणि शेवटी तुम्ही तिथे गळ टाकलात जिथे कधीच टाकत नव्हता. संध्याकाळी बादली घेऊन घरी आलात आणि थेट मोरीत गेलात.

गुरुवार होता म्हणून मासा दुसऱ्या दिवशी चाचींकडे शिजायचा होता. तोवर मरळ मोरीत, बादलीवर ताट, ताटावर पाटा. थोड्या थोड्या वेळाने आतून 'डुबुक' असा आवाज यायचा. आतल्या खोलीतून आईने विचारलं, काय वाजतंय. तुम्ही म्हणालात, "मरळ आहे. श्वास घेतेय." तुम्हाला काही लपवता येतच नव्हतं. पिल्लांचंही सांगून टाकलंत.

आई उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आपण होऊन.

"मग पिल्लांपाशी आता कोण आहे?"

"दुसरी असेल. दोघं मिळून राखतात. एकट्याच्याने किती होणार, चिलापी टपलेलीच असते."

"उद्या नेऊन सोडा."

"तुझ्यासाठी आणलीय."

"ते कळतंय मला. पण अहो, तिचा श्वास ऐकला मी आता. घशाखाली उतरेल का?" मग ती म्हणाली, "आणि नुसती सोडून येऊ नका. पिल्लांकडे गेली का ते बघून या. तोवर मला जेवायला वाढू नका."

शुक्रवारी पहिली पाळी उरकून तुम्ही आलात आणि आपण निघालो. सायकलच्या कॅरिअरला बादली, मागून ती धरून मी. आदल्या दिवशीच्या जागी पिल्लं नव्हती. तुम्ही वाऱ्याकडे बघितलंत, गवताकडे बघितलंत, स्वतःशी काही पुटपुटलात आणि थेट पलीकडच्या कोपऱ्यात गेलात. थोडा वेळ गेला आणि तिथलं पाणी उकळलं. एवढ्या मोठ्या तलावात बोटभर लांबीची पिल्लं तुम्ही अशी शोधलीत, जशी आई डब्यातून हळद काढते. तुम्ही बादली पाण्यात कलती केलीत. मरळ क्षणभर तशीच राहिली आणि मग गेली. "माझ्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. तू बघ," तुम्ही म्हणालात. "दोन आहेत का?" मी म्हटलं, "आहेत. दोन." घरी आईने तुम्हाला नाही, मलाच विचारलं. मीही तेच सांगितलं. त्या रात्री तिने वाटीभर पेज घेतली आणि वर लिंबाचं लोणचं मागितलं.

काल मी पश्चिमेच्या काठावर बसले होते. शेजारी एक मुलगा महागाचा रॉड घेऊन आला होता. "मॅम, इथे स्पॉट चांगला आहे का? ॲपवर तर डीप दाखवतंय." मी त्याला म्हटलं, ॲपलाच गळ धरू दे. तो हसून पुढे गेला. मग माझ्यासमोर पाणी उकळलं. लालकेशरी गोळा वर आला, विरघळला, पुन्हा जमला. आणि त्याच्या खाली, बाबा, एक काळसर लांब सावली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दुसरी. एक वर आली, घोटभर हवा घेतली, खाली गेली, आणि ती खाली पोचेपर्यंत दुसरी जागची हलली नाही. मग दुसरी वर आली. पाळी लावल्यासारखं चाललं होतं. इमारतींच्या काचांवर उतरतं ऊन चमकत होतं, कुणीतरी गॅलरीत कपडे काढत होतं, आणि खाली हे चाललं होतं. मला रडू आलं. लोकांनी बघितलं असेल.

मग मी फिरून आपण मरळ सोडली होती त्या कोपऱ्यात गेले. तिथून संध्याकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. पाण्यावर नुसती चमक. वरचं उकळणं दिसतं, पण खाली दोन असोत नाहीतर वीस, काही दिसणं शक्य नाही. त्या दिवशीही मला एवढंच दिसलं होतं. आणि ऊन पाठीवर घेतल्याशिवाय पाण्यात बघू नये, हे मला शिकवलं ते तुम्हीच. तरी तुम्ही मला तिथे उभं करून विचारलंत. मला काही दिसणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि मी काय म्हणेन तेही माहीत होतं.

आई आता थकलीय, पण जीभ तशीच आहे. तलावावरून आले की दर वेळी विचारते, "दिसली का?" आणि मी दर वेळी सांगते, दिसली, दोन. कालही सांगितलं. बाबा, काल पहिल्यांदा खरं सांगितलं.